पुरातलं घंगाळ

३ जून, मंगळवार

मे महिन्यातल्या व्याख्यानाला आलेल्यांपैकी निम्मे लोक पाऊस चुकवायला आडोशाला थांबलेले होते. हे मी आजच्या बैठकीत सांगितलं नाही. अध्यक्ष दामल्यांनीच सांगितलं, हसत हसत. (पूर्ण आडनाव लिहायचाही कंटाळा येतो. यापुढे नुसतं दा.)

दा.च्या मनात आहे की संग्रहालयाचा हॉल साखरपुड्यांना द्यावा. सदाशिव पेठेत मध्यवर्ती जागा, वर शहराच्या इतिहासाचे फोटो भिंतीवर, वधूवरांना 'बॅकग्राउंड' फुकट. "लोकांना इतिहास नकोय, मॅडम. पार्किंग हवंय." आपल्याकडे पार्किंगही नाही, हे कुणी लक्षात आणून दिलं नाही.

दिवाळीपर्यंत मुदत मिळाली. तोवर हॉल भरून दाखवायचा, नाहीतर दर महिन्याचे कार्यक्रम बंद. कार्यक्रम बंद म्हणजे मीही बंद. कार्यक्रम करते, याशिवाय माझी तिथे दुसरी काही ओळख नाही.

मी सुचवलं, बारा जुलै. पानशेतच्या पुराचा दिवस. वक्ता नको, पाहुणा नको. ज्यांनी तो पूर डोळ्यांनी पाहिला ते आता सत्तरीच्या पुढे गेलेत. त्यांनी पुरानंतर घरात उरलेली एक वस्तू आणायची आणि तिच्याविषयी थोडं बोलायचं. बस.

दा. बराच वेळ विचारात. मग म्हणाले, "पण मग शाल-श्रीफळ कुणाला द्यायचं?"

१० जून, मंगळवार

निवेदन पेपरात आलं. चार ओळी, तेराव्याच्या जाहिरातींच्या खाली. सकाळपासून फोन. वस्तूबद्दल कुणालाच विचारायचं नाही. चहा आहे का. लिफ्ट आहे का. खुर्च्यांना पाठ आहे का. एका गृहस्थांनी विचारलं, मला पूर आठवत नाही पण प्लेगबद्दल वडिलांकडून ऐकलंय, तेच सांगितलं तर?

एक बाई म्हणाल्या, आमच्याकडे पुरातलं काहीच उरलं नाही, रिकाम्या हातांनी आलं तर चालेल का. चालेल म्हटलं. फोन ठेवला आणि पुढचा फोन बराच वेळ घेतला नाही.

सगळ्यात शेवटी लिमये. वसंतराव लिमये, बँकेतून निवृत्त, गेली कित्येक वर्षं आमच्या प्रत्येक कार्यक्रमाला पहिल्या रांगेत डावीकडून दुसरी खुर्ची. वक्त्याचं भाषण संपलं की उठतात आणि एकच प्रश्न विचारतात, "याला पुरावा काय?" दोन वक्ते तर पुन्हा यायला तयार नाहीत. आज निवेदनातली चूक सांगायला फोन. मी लिहिलं होतं, धरण फुटून पाणी शहरात शिरलं. कुठलं धरण? दोन फुटली होती. आधी पानशेत, त्याच्या लोंढ्याने मग खडकवासला. "अर्धवट माहिती ही चुकीचीच माहिती, मॅडम."

बरोबर आहे त्यांचं. तोच तर वैताग.

विचारलं, तुम्ही कुठे होता तेव्हा? नारायण पेठेत. मग बोला ना त्या दिवशी. "मी ऐकायला येतो," म्हणाले आणि फोन ठेवला.

२० जून, शुक्रवार

कसब्यात तांबोळीबाईंकडे जाऊन आले. नसीम तांबोळी. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं. माझ्या मैत्रिणीच्या वर्गशिक्षिका, तिनेच नंबर दिला. आजूबाजूचे सगळे त्यांना अजून बाईच म्हणतात, रिक्षावालासुद्धा. घर पिढ्यान् पिढ्या त्याच गल्लीत, नदीपासून हाकेच्या अंतरावर.

मी जाताक्षणी म्हणाल्या, "तुमच्या निवेदनात 'उपस्थित राहून उपस्थितांना' असं आलंय. वाचलंत का छापण्यापूर्वी?"

मग मोरीत नेऊन घंगाळ दाखवलं. तांब्याचं, चांगलं रुंद, काळंभोर झालेलं. पूर ओसरल्यावर घरी परतले तेव्हा घरात गुडघाभर चिखल आणि चिखलात हे रुतलेलं. स्वतःचं होतं नव्हतं ते सगळं गेलं होतं, आणि जे राहिलं ते दुसऱ्या कुणाचं तरी. बाईंची अम्मी ते घेऊन दोन-तीन पेठा फिरली, कुणाचं आहे विचारत. कुणी ओळख दाखवली नाही. तेव्हा जो तो आपलीच माणसं शोधत होता. नळाला पाणी नव्हतं कित्येक दिवस. टँकर आला की गल्लीतल्या निम्म्या घरांचं पिण्याचं पाणी याच घंगाळात साठवायचे. तेव्हापासून घरात आहे. भावंडांच्या अंघोळी, मग भावांच्या मुलांच्या.

कडेला नाव आहे कुणाचं तरी, म्हणाल्या. मोरीत अंधार होता आणि मला उशीर झालेला. कुणाचं ते विचारलं नाही. कार्यक्रमात सांगतील, म्हटलं.

५ जुलै, शनिवार

बॅनर आला. मी 'पुरातल्या आठवणी' लिहून दिलं होतं. छापून आलं 'पुरातन आठवणी'. छापणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, मॅडम, तुमची चूक होती, मी दुरुस्त केली.

दा. म्हणाले राहू द्या, संग्रहालयच आहे.

१२ जुलै, शनिवार

हॉल भरला. उभे राहायलाही जागा नव्हती. खरं वाटत नव्हतं, म्हणून दोनदा मागून जाऊन पाहून आले.

माइक अर्थातच बंद पडला. टाळायचं ठरलेलं शाल-श्रीफळ दा.नी एका माजी नगरसेवकांना दिलंच, आणि ते पुरावर न बोलता सांडपाण्याच्या योजनेवर बोलले. त्यांचा जन्म पुरानंतरचा.

पण नंतर माणसं उठायला लागली. एकीने कपाटाची किल्ली आणली होती. कपाट गेलं, किल्ली पदराला होती म्हणून राहिली. एकाने भावाचा अर्धा बूट. तो काही बोललाच नाही, बूट टेबलावर ठेवला आणि जागेवर जाऊन बसला. मला वाटतं त्या वेळी हॉलमध्ये पहिल्यांदा कुणाचा मोबाइल वाजला नाही.

मग तांबोळीबाई. घंगाळ चिंचेने घासून लखलखीत करून आणलेलं. रिक्षातून उतरवायला दोघं लागली. सरळ, शाळेत धडा सांगावा तसं सांगितलं त्यांनी. अम्मी, चिखल, टँकर. संपता संपता मागून एकजण म्हणाला, तांब्याचं घंगाळ तरंगेल कसं? दुसरा म्हणाला, पालथं पडलं नाही तर तरंगेल, होडी तरंगते की. तिसरा इंजिनिअर निघाला. पाच-दहा मिनिटं सबंध हॉल घंगाळ तरंगवत होता आणि बाई टेबलाशी हात बांधून उभ्या. हेच आपलं पुणं. माणूस बुडाला तरी आधी पाण्याची घनता विचारतील.

तेवढ्यात लिमये उठले. मी मनात म्हटलं, आला पुरावा. पण ते बोलले नाहीत. टेबलापाशी आले, चष्मा कपाळावर केला, घंगाळाच्या कडेवरून बोट फिरवत गेले. एका जागी बोट थांबलं. किती वेळ तसेच वाकून. मग ताठ झाले आणि मधल्या वाटेने थेट दाराबाहेर. बाहेर धो धो पाऊस, छत्री खुर्चीपाशीच राहिली.

"यांना काय झालं?" बाईंनी मला विचारलं.

कुणीतरी पुढे होऊन नाव मोठ्याने वाचलं. "सौ. सु" एवढं स्पष्ट. मधली अक्षरं घासून घासून गेलेली. शेवटी "लिमये".

मग सगळे एकदम बोलायला लागले.

पावसात रिक्षा मिळेना. बाई म्हणाल्या, घंगाळ राहू दे तुमच्याकडे, सोमवारी नेते.

१३ जुलै, रविवार

सकाळीच लिमयांचा फोन. "माझ्या आईचं नाव सुशीला." एवढंच. मी काही बोलायच्या आत ठेवला.

१४ जुलै, सोमवार

बाई घंगाळ न्यायला आल्या नाहीत. मीही फोन केला नाही. ते ऑफिसात माझ्या टेबलाशेजारी आहे. येणारा जाणारा हात लावून जातो.

१५ जुलै, मंगळवार

व्हायचं तेच झालं. कार्यक्रमात कुणीतरी मोबाइलवर काढलेला तुकडा सगळीकडे फिरतोय. लिमये वाकलेले, मग चालते झाले, आणि वरती मथळा: 'हिंदू आईचं घंगाळ साठ वर्षं कुणाच्या घरात?' खालचं थोडं वाचलं. एकाने चोरी म्हटलंय. दुसऱ्याने बाईंचं आडनाव ठळक करून लिहिलंय. पुढे वाचवेना.

ज्यांनी लिहिलं त्यातला एकही हॉलमध्ये नव्हता. असते तर निदान तरंगतं की नाही यावर तरी बोलले असते.

दुपारी लिमयांचा मुलगा मिहीर याचा फोन. बाणेरला राहतो, हिंजवडीत नोकरी. "मॅम, इट्स क्लिअर ना. नाव आहे त्याच्यावर. बाबांना त्रास होतोय. प्लीज हँडओव्हर करा." संध्याकाळी बाईंचा भाचा इरफान याचा. कोंढव्याला राहतो, नोकरी हिंजवडीतच. "मॅम, खाला दोन दिवस घराबाहेर पडली नाहीये. तिने चिखलातून उचललं म्हणून चोर? प्लीज, आमची वस्तू आम्हाला परत द्या."

दोघंही गाडीतून बोलत होते आणि दोघांच्याही मागे हॉर्न. मला वाटतं एकाच सिग्नलला उभे असावेत.

दोघांनाही सांगितलं की वडीलधाऱ्यांनी मला काही सांगितलेलं नाही, त्यामुळे मी कुणालाच काही देणार नाही. दोघांनाही राग आला. दोघंही 'ओके मॅम' म्हणाले.

१८ जुलै, शुक्रवार

दा. खुशीत. आजवर त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं. संग्रहालयाचं नाव तीन चॅनेलवर आलं. आता पंधरा ऑगस्टला जाहीर कार्यक्रम. मोठा मंडप, मंत्री, शाळेची मुलं, समूहगान. तांबोळीबाई घंगाळ लिमयांच्या हाती देणार. नाव, 'सलोख्याचं घंगाळ'. दा.ना रात्री सुचलं म्हणे.

"साखरपुड्यांचं विसरा," म्हणाले. "हे झालं की तुमचे कार्यक्रम पाच वर्षं कुणी बंद करत नाही. लिहून देतो."

मी नाही म्हटलं नाही. रोजनिशीत खोटं काय लिहायचं. घरी येताना बसमध्ये मंचावरच्या खुर्च्या मनात लावून झाल्या होत्या. कोण कुठे बसेल, माइक कुठला आणायचा.

२१ जुलै, सोमवार

तांबोळीबाईंना फोन करून सांगितलं. मंत्री, समूहगान, सगळं. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "मी घंगाळ आणलं होतं. तुम्ही माझा सलोखा करून टाकलात."

मी म्हटलं, बाई, यातून चांगलंच घडेल. लोकांची तोंडं बंद होतील.

द्यायचं असेल तर मी देईन, म्हणाल्या, नसेल द्यायचं तर नाही देणार. त्यात टाळ्या कशाला? टाळ्या वाजवायला येतील तेच उद्या पुन्हा लिहितील. आणि जाता जाता, निमंत्रणपत्रिका काढाल तर मला आधी वाचायला द्या. पत्रिकेवर माझं नाव नको, पण पत्रिकेत चुकाही नकोत.

पुन्हा तेच. बरोबर बोलतात आणि मला काही करता येत नाही.

२२ जुलै, मंगळवार

दा.ना सांगितलं, बाई तयार नाहीत. "तयार होतात हो. आपण त्यांना शाल देऊ."

२५ जुलै, शुक्रवार

लिमये आले. पहिल्यांदाच कार्यक्रम नसताना. छत्री न्यायला आलो म्हणाले. छत्री हातात घेतली आणि माझ्या समोरच्या खुर्चीवर बसून राहिले. घंगाळ टेबलाशेजारीच. त्यांनी तिकडे पाहिलं नाही.

मी दा.चा बेत सांगितला. ऐकून म्हणाले, मंत्र्यांना काय ठाऊक पुराचं.

मग आपणहून बोलले. मी मधे तोंड उघडलं नाही. तेव्हा ते चौथीत होते. पाणी आलं तेव्हा नेसत्या कपड्यांनिशी घराबाहेर पडले, पर्वतीच्या बाजूला पळाले. घर उभं राहिलं, आतलं सगळं गेलं. भांडी, कपडे, फोटो. आईचे दोनच फोटो होते, लग्नातला आणि एक कुठल्याशा देवळापाशी काढलेला. दोन्ही गेले. त्यानंतर दोन वर्षांच्या आत आई तापाने गेली. मधल्या काळात फोटो काढायचं कुणाला सुचणार. तिच्या हातचं, तिचं म्हणून त्यांच्याकडे काहीही नाही. एक चिंधीही नाही.

"मी सगळ्यांना सांगतो, आईचा चेहरा मला स्वच्छ आठवतो. पण खरं विचाराल तर याला पुरावा काय?"

पाणी देऊ का विचारलं. नको म्हणाले.

मिहीरला मी काही सांगायला सांगितलेलं नाही, म्हणाले. त्याने घंगाळ मागितलं ते त्याचं त्याने. पुण्यात लिमये काय थोडे आहेत? आणि 'सु'वरून सुमती, सुलोचना, सुभद्रा. शिवाय भांड्यावर नाव कधी मालकिणीचं असतं, कधी आहेर देणारीचं. हे माझ्या आईचं, असं दुसऱ्या कुणी माझ्यासमोर मांडलं असतं तर मी दोन मिनिटांत खोडून काढलं असतं, म्हणाले.

उठले, दारापर्यंत गेले, परत फिरले. त्या बाईंना एकदा भेटता येईल का, म्हणाले. अध्यक्षांना न सांगता.

२८ जुलै, सोमवार

बाईंना विचारलं. त्यांनी जराही आढेवेढे घेतले नाहीत. शनिवारी दुपारी येते म्हणाल्या. चॅनेलवाला दिसला तर दारातून परत जाईन.

दा.ची पत्रिका छपाईला गेली. मंत्र्यांची तारीख मिळाली म्हणे. ज्यांच्यासाठी हे सगळं त्या दोघांनी अजून होकार दिलेला नाही. मी तसं म्हटलं, तर म्हणाले, "तुम्ही पुन्हा विचाराल की, मॅडम. तुमचं कामच ते."

२ ऑगस्ट, शनिवार

दुपारी संग्रहालयात कुणी नसतं. लिमये वेळेच्या बरेच आधी. इस्त्रीचा शर्ट, गुळगुळीत दाढी. जागेवर बसेनात. भिंतीवरचे फोटो पाहत उभे, आणि एका फोटोखालच्या ओळीत ऱ्हस्वदीर्घाची चूक आहे हे मला सांगितलं. दुसरं काय बोलणार बिचारे.

बाई आल्या. इरफान सोडायला आलेला, आत येऊ पाहत होता. त्याला दारातूनच परत पाठवलं. तुझं ऑफिस नाही का, म्हणाल्या. आज सुट्टी आहे खाला, तो म्हणाला. मग घरी जाऊन झोप.

दोघं घंगाळाच्या दोन बाजूंना बसली. मला वाटलं होतं मला मध्ये पडून काही बोलावं लागेल. तयारीही केली होती. कुणी माझ्याकडे पाहिलंच नाही.

लिमयांनी आधी त्या चित्रफितीबद्दल माफी मागितली. ती मी काढलेली नाही, पण माझ्यामुळे झाली. बाई म्हणाल्या, ते सोडा. मग लिमये म्हणाले, मला एक आठवतं. सकाळी आई पाणी काढायची तेव्हा घंगाळाची कडी वाजायची. एकाच बाजूची. खडखड असा आवाज. त्याने मला जाग यायची. तेवढं एकदा वाजवून पाहू का?

बाईंनीच उठून एका बाजूची कडी उचलली आणि सोडली. घट्ट होती, आवाज नाही. दुसरी उचलली. खडखड.

लिमयांनी डोळे मिटले. मी खिडकीकडे पाहायला लागले. मला वाटलं, संपलं, सुटलं सगळं. आणि खरं सांगायचं तर मनात पंधरा ऑगस्टही येऊन गेला.

बाई कडी धरून उभ्याच होत्या. मग खाली बसल्या. म्हणाल्या, "लिमये, ही कडी नंतरची आहे. जुनी मोडली होती, मी कॉलेजात असताना. अब्बांनी तांबट आळीतून नवी बसवून आणली. ती त्याने ढिली बसवली म्हणून वाजते. जुनी वाजायची नाही."

त्या गप्प राहिल्या असत्या तरी चाललं असतं. कुणालाच कधी कळलं नसतं.

लिमयांनी डोळे उघडले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला आणि पहिल्यांदाच त्याचा मला संताप आला नाही.

"मग पुरावा नाही," लिमये म्हणाले.

"नाही," बाई म्हणाल्या.

"तुमचंच आहे ते. तुम्ही न्या."

बाईंनी घंगाळाच्या काठावर हात ठेवला. अम्मी जायच्या आधी सांगून गेली होती, म्हणाल्या. कुणी विचारत आलं तर देऊन टाक, नसीम. इतकी वर्षं कुणी आलं नाही. मीही ते विसरून गेले होते, माझंच धरून चालले होते. त्या दिवशी तुम्ही वाकून नाव वाचत होता तेव्हा आठवलं, आणि खरं सांगते, आठवलं ते आवडलं नाही. घरी जाऊन तीन दिवस स्वतःला समजावत होते की या माणसाकडे पुरावा कुठे आहे.

मग म्हणाल्या, "पण अम्मी म्हणाली होती, कुणी विचारत आलं तर. पुरावा घेऊन आलं तर, असं नव्हती म्हणाली."

लिमये नको म्हणाले. मी नेऊन ठेवू कुठे? मिहीर त्यात झाड लावून दिवाणखान्यात ठेवेल. बाई म्हणाल्या, मग त्याला दोन शब्द सुनावा, बँकेत होतात ना. ते म्हणाले, तुमच्या घरी ते वापरात आहे. बाई म्हणाल्या, माझ्या घरी आता मी एकटी. एकटीला बादली पुरते. ते पुन्हा नको म्हणाले. त्या पुन्हा न्या म्हणाल्या. जेवायला आग्रह करावा तसं चाललं होतं. कुणीही हटेना. शेवटी वैतागून मीच म्हटलं, इथे तर ठेवू नका, इथे ठेवलंत तर त्याला हार घालतील.

तेव्हा दोघांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

लिमयांनी जाऊन रिक्षा आणली. घंगाळ उचलायला मी एका कडीला, ते दुसऱ्या. मागच्या सीटवर घंगाळ, एका कडेला अंग चोरून बाई. मला वाटलं लिमये आता निरोप घेतील. ते पुढे ड्रायव्हरच्या शेजारी अर्धवट टेकून बसले. या वयात. ड्रायव्हर म्हणाला, काका, पुढे बसून चालत नाही, पोलीस धरतात. ते म्हणाले, नियम माहीत आहे मला, तू चल. ड्रायव्हरने विचारलं, कुठं?

आणि नेमका त्याच वेळी दा.चा फोन. पत्रिकेवर घंगाळाचा फोटो हवा होता, आत्ताच्या आत्ता. मी फोन कापेपर्यंत रिक्षा वळलेली. उजवीकडे वळली. उजवीकडून कसब्यातही जाता येतं आणि लिमयांकडेही. एकेरी रस्ता आहे, दुसरीकडे वळताच येत नाही.

४ ऑगस्ट, सोमवार

दा. ऑफिसात. टेबलाशेजारची मोकळी जागा पाहिली आणि खुर्चीतच बसले. घंगाळ कुठे आहे? गेलं, म्हटलं. कुणाकडे? माहीत नाही. मंत्र्यांना काय सांगू? मी म्हटलं, सांगा घंगाळ वाहून गेलं.

हे बोलायला नको होतं. बोलून झाल्यावर मात्र खूप बरं वाटलं.

५ ऑगस्ट, मंगळवार

मिहीरचा फोन. बाबा काही सांगत नाहीत. विचारलं तर म्हणतात, तुला काय करायचंय. त्यानंतर तासाभरात इरफानचा. खाला सांगत नाही. घरात पाहिलं का, विचारलं. तो म्हणाला, तिने दारातच चहा दिला आणि परत पाठवलं.

म्हटलं, मला खरंच माहीत नाही. दोघांचाही विश्वास बसला नाही. दोघंही 'ओके मॅम' म्हणाले, पण या वेळी मिहीर फोन ठेवायच्या आधी थांबला. म्हणाला, आजीबद्दल बाबा आम्हाला कधी काही बोललेच नाहीत. तुम्हाला बोलले का? मी म्हटलं, त्यांनाच विचार, पण घंगाळाचं नाव काढू नकोस.

७ ऑगस्ट, गुरुवार

घरी पाणी नाही, दर गुरुवारचं. कामावर गेले तर तिथेही नाही.

पंधरा ऑगस्टचा कार्यक्रम रद्द. मंडपवाल्याने मला तीनदा फोन केले, जणू मंडपाचे पैसे मीच खाल्ले होते. दा.नी व्हॉट्सॲपवर लांबलचक संदेश पाठवलाय. संस्थेची अब्रू, माझा हलगर्जीपणा, विश्वस्तांची तातडीची सभा. सप्टेंबरपासूनच्या कार्यक्रमांविषयी सभेत निर्णय होईल. तत्पूर्वी घंगाळ सध्या कुणाच्या ताब्यात आहे ते दोन्ही घरी फोन करून माहिती काढून लेखी कळवावे.

बाईंचा नंबर काढला. काढून पाहत बसले. मग लिमयांचा काढला. एकालाच विचारलं असतं तरी दुसऱ्याचं आपोआप कळलं असतं. दोन्ही परत ठेवून दिले.

दा.ना लिहिलं: 'घंगाळ संग्रहालयात नाही. कुणाकडे आहे ते मला माहीत नाही आणि मी विचारणार नाही.' दोनदा वाचलं. शुद्धलेखन तपासलं. पाठवलं.

दोन निळ्या खुणा लगेच आल्या. वर 'टायपिंग' दिसतंय, मग जातंय, पुन्हा दिसतंय. अजून उत्तर नाही.